सहा महिन्यांचं पाणी

आमच्या घरी पाहुणा आला की आई त्याला पाणी द्यायची नाही, कोकमाचं सरबत द्यायची. लोकांना वाटायचं, केवढा हा पाहुणचार. खरं कारण वेगळं होतं. मांडवीला समुद्राच्या अंगाला आमचं घर, आणि मागच्या अंगणातली विहीर मचूळ. साखर आणि कोकम घातलं की ती चव लपायची. त्या पाण्यात तुरीची डाळ धड शिजायची नाही. चहा तर आम्ही सवयीनेच चांगला म्हणायचो. बाहेरून आलेला माणूस पहिल्या घोटाला थांबायचा आणि मग उगाच कपाकडे बघायचा.

आई मासे विकायची. जेटीवरच्या लिलावात माल घ्यायचा, पाटीत भरायचा आणि डोक्यावरून घरोघर हिंडायचं, हे तिने पस्तीस वर्षं केलं. वडील मी लहान असतानाच आजारपणात गेले, त्यामुळे माझं सगळं शिक्षण त्या पाटीवर झालं. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तिला उन्हात गाठून सांगितलं होतं, "हिला कॉलेजात घाला, अर्ज मी भरते." आईने पाटी खाली न ठेवताच "भरा" म्हटलं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पुढे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली. त्या बाईंना आणि त्या पाटीला मी रोज मनातल्या मनात नमस्कार करते. यात काही शोभेसाठी लिहिलेलं नाही.

आमच्या घरात जेवायला काय असेल ते पाटी ठरवायची. आई उरलेलं घरी आणायची. पोट फुटलेले बांगडे, शेपट्या तुटलेल्या मांदेल्या, कुणी भाव पाडूनही न घेतलेले दोन सौंदाळे. पापलेट आमच्या चुलीवर कधी चढलं नाही. मी एकदा हट्ट केला होता तेव्हा ती म्हणाली, "पापलेट खायचं नसतं गो, इकायचं असतं." मी पहिल्या पगारातून पापलेट आणलं, तर तिने मधला तुकडा माझ्या ताटात वाढला आणि स्वतः डोकं चोखत बसली. म्हणाली, चव डोक्यातच असते. मी तेव्हा हसले. तिच्या त्या सवयीकडे नीट बघायला हवं होतं, ते मी केलं नाही.

दोन वर्षांपूर्वी थंडीत तिचे पाय सुजायला लागले. चार पायऱ्या चढली की धाप लागायची. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय आणि मूत्रपिंडंही. मीठ जवळजवळ बंद, पाणीसुद्धा मोजून. खारवलेली मासळी, सुकट, लोणचं, पापड, सगळं बंद. आईने सगळं ऐकून घेतलं. बाहेर पडताना मला म्हणाली, "म्हणजे जेवण बंद म्हणाले असते तर लवकर झालं असतं."

डॉक्टरांनी पिण्याचं पाणी कुठलं तेही विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, उकळून देते. ते सौम्यपणे म्हणाले, "उकळून जंतू मरतात हो, मीठ जात नाही. उलट पाणी आटतं, मीठ तेवढंच राहतं." मी पदवीधर बाई. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. त्यांनी आरओ मशीन बसवा म्हणून सांगितलं. आई पायऱ्या उतरून पुढे गेली तेव्हा मी मागे वळून त्यांना विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "वर्षाचं काही मी सांगू शकत नाही."

त्या वाक्याचं मी कुणाला बोलले नाही. पण मशीनच्या चौकशीला लागले तेव्हा ते माझ्याबरोबर प्रत्येक दुकानात होतं.

मशीन विकत मिळत होतं आणि भाड्यानेही मिळत होतं. मला ग्रंथालयातली सवय, कुठलीही खरेदी असली की दोन बाजू कागदावर मांडायची. विकत घेतलं तर आपलं होईल, कुणाला विचारायला नको. पण आमच्या पाण्यात मीठ फार, आतली जाळी लवकर खराब होणार, ती बदलण्याचा ताप आपला. वर समुद्राची हवा. आमच्याकडे दाराची कडीसुद्धा तीन वर्षांत गंजते. भाड्याने घेतलं तर दुरुस्ती त्यांची, जाळी त्यांची, नको झालं तर परत. भाड्याच्या बाजूची कारणं खरीच होती, आजही मला ती खोटी वाटत नाहीत. फक्त एक कारण मी कागदावर लिहिलं नाही. नको झालं तर परत, म्हणजे कधी नको होणार, हे मी मनात धरलं होतं.

आईला विचारलं. ती पडवीत खाटेवर बसून लसूण सोलत होती.

"भाड्याचंच आण," ती म्हणाली. "माझ्यापुरतं तर हवं. इकत कशाला?"

"तुझ्यापुरतं काय? मी नाही का पिणार?"

"तू इतकी वर्षं प्यायलीस तेच. मेलीस काय?"

मी नाही म्हटलं पाहिजे होतं. विकतच आणते असं ठणकावून सांगायला हवं होतं. पण तिने स्वतःच म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

शिमग्याला महिना होता तेव्हा मशीन आलं. ते बसवायला एक मध्यमवयीन गृहस्थ आले होते, अतिशय सभ्य. स्वयंपाकघराच्या भिंतीला भोकं पाडताना खाली कागद अंथरला, धूळ स्वतः पुसली. आई दारात स्टूल टाकून बघत बसली होती. मशीनच्या समोरच्या बाजूला छोटा पडदा होता, त्यावर किती लिटर पाणी शिल्लक आहे त्याचा आकडा दिसायचा. पाणी घेतलं की आकडा उतरणार. संपला की मशीन आपोआप बंद, मग पुढचे पैसे भरायचे. बाजूने एक बारीक पांढरी नळी खाली सोडली होती. गाळताना वेगळं झालेलं खारट पाणी तिच्यातून बाहेर पडणार. तिच्याखाली आईची जुनी निळी बादली ठेवली. नळीवर एक लहानशी पट्टी होती, "हे पाणी पिण्यायोग्य नाही." मी ती वाचली आणि विसरले.

सगळं झाल्यावर त्या गृहस्थांनी मोबाईल काढला. "ताई, किती महिन्यांचं टाकू? तीन, सहा, बारा. बाराचं घेतलंत तर स्वस्त पडेल."

माझ्या तोंडून निघालं, "सहा."

मी आईकडे बघितलं नाही. ते गृहस्थ मोबाईलवर बोटं फिरवत होते. मागून आईचा आवाज आला, "सहा? बरेच दिलेस गो."

ते गृहस्थ हसले. त्यांना वाटलं असेल, म्हातारी पैशांबद्दल बोलतेय. मीही हसल्यासारखं केलं. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती रिक्षा करून जेटीवर जाऊन आली. मी कामावर होते. परत आल्यावर तिला दिवसभर धाप होती. मी रागावले, "कशाला गेली होतीस?" तर म्हणाली, "सगळ्यांचे चेहरे बघून आले." आजारी माणसाला वाटतं तसं, म्हणून मी सोडून दिलं.

पुढचे दोन-अडीच महिने मला बरं वाटत होतं. सकाळी कामावर जाताना मी मशीनच्या पाण्याने तिचा तांब्या भरून ठेवायची, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने. संध्याकाळी यायची तेव्हा तांब्या रिकामा असायचा. वाटायचं, आपण काहीतरी नीट करतोय. पायांची सूज मात्र उतरत नव्हती. डॉक्टर गोळ्या बदलत होते आणि मला विचारत होते, "मीठ अगदी बंद आहे ना?" मी शपथेवर सांगायची, हो.

वैशाखात एकदा परीक्षांमुळे ग्रंथालय दुपारीच बंद झालं. मी घरी आले. चपला पडवीत काढून आत गेले, तर आई स्वयंपाकघरात निळ्या बादलीपाशी वाकली होती. पेला बुडवला, वर काढला आणि उभ्यानेच प्यायली.

"आये! काय पितेस हे?"

ती दचकली, पण लगेच सावरली. "पाणी. दुसरं काय, ताडी?"

"बादलीतलं?"

"मशीनीतनंच आलंय ना? गाळलेलंच हाय."

"गाळलेलं नाही गो! गाळून उरलेलं. सगळं मीठ ह्यात उतरतं."

तिने पेल्याकडे बघितलं. "तरीच. खारट लागायचं जरा. म्हटलं, जेवणात तर तू घालत नाहीस, एवढं तरी पोटात जाऊ दे."

मी तिथेच जमिनीवर बसले. तांब्यातलं पाणी कुठे जातं, विचारलं. तिने बोट दाखवलं. ओट्यावर माझी स्टीलची बाटली होती, रोज संध्याकाळी भरलेली असायची, आणि मी आल्याआल्या ती तोंडाला लावायची. मला वाटायचं आई माझ्यासाठी मशीनमधून भरून ठेवते. ती तिचा तांब्या त्यात ओतत होती.

"का पण? मशीन समोर आहे. नळ सोडायचा, प्यायचं!"

"आकडा उतरतो ना," ती म्हणाली. जणू मी एखादं लहान मूल होते. "तो माणूस बोलला नाय काय, आकडा संपला की बंद. मी प्यायले की उतरतो. मग तू काय पिणार? तुला चांगलं पाणी प्यायची सवय लागलीय आता."

माझ्या आईला अक्षरं येत नव्हती. आकडे येत होते. पस्तीस वर्षं तिने आकड्यांवर धंदा केला होता. पडद्यावरचा उतरता आकडा तिला रोज दिसत होता आणि नळीवरची पट्टी दिसत नव्हती. ती पट्टी तिला वाचून दाखवणं हे माझं काम होतं. मी दिवसभर पुस्तकांच्या कपाटांमध्ये वावरणारी बाई, विद्यार्थ्यांना दाखले आणि संदर्भ शोधून देते. घरात चार शब्द मोठ्याने वाचले नाहीत.

आणि ती चूक एकट्या न वाचण्याची नव्हती, हेही मला तेव्हाच कळलं. मशीनला दोन तोंडं. एकातून येतं ते चांगलं, दुसऱ्यातून येतं ते उरलेलं. आईच्या हिशेबात उरलेलं टाकून द्यायचं नसतं, ते घरच्या बाईचं असतं. तिने पाण्याची पाटी केली होती.

मी डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. मला शिक्षा हवी होती. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आता ते बंद करा. पण मनाला लावून घेऊ नका. त्याने फार काही वेगळं झालं असतं असं नाही." ते खरं बोलत होते की माझ्यावर दया करत होते, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. चांगला माणूस. मी दोन्हींसाठी त्यांची ऋणी आहे.

घरी येऊन मी पडद्यावरच्या आकड्यावर औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी लावली.

"आता कळणार कसं, किती उरलंय?" आईने विचारलं.

"कळायचं नाही. प्यायचं."

"बरं."

"आणि हे परत देऊन टाकते. उद्याच विकतचं आणते."

तेव्हा मात्र तिने हात वर केला. गिऱ्हाईक फारच भाव पाडायला लागलं की ती असा हात करायची. "सहा महिन्यांचं आगाऊ दिलंयस ना? मग होऊ देत सहा. मी पण बघते, होतात काय."

हे ती हसत बोलली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या लुगड्याला मासळीचा वास येणं कधीच बंद झालं होतं, औषधांचा वास यायला लागला होता. तिने माझ्या केसांतून बोटं फिरवली आणि म्हणाली, "रडतेस कशाला बाय? सहा म्हणजे काय कमी झाले? मला तर तिमाहीच वाटली होती."

तिमाही हा शब्द तिने माझ्या शाळेच्या दिवसांपासून जपला होता. तिमाही, सहामाही, वार्षिक. माझ्या परीक्षांचे तेवढे तीन शब्द तिला ठाऊक होते. मला कळलं की पडवीत लसूण सोलत होती तेव्हाही तिला सगळं माहीत होतं, मी डॉक्टरांना मागे वळून काय विचारलं तेसुद्धा.

त्यानंतर ती मशीनचंच पाणी प्यायली. मी समोर उभी राहून पाजायची. तिला ते आवडत नसे. "ह्याला चवच नाय," म्हणायची. "तोंडात काय आलं ते कळतच नाय." सूज थोडी उतरली, पुन्हा चढली. पावसाळाभर ती पडवीतल्या खाटेवर होती.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी फोन आला. बोलणारी मुलगी फार आदराने बोलत होती. "मॅडम, तुमचा प्लॅन संपतोय. वाढवायचा आहे का? किती महिने टाकू?"

मी पायरीवर उभी होते. आईची खाट चार हातांवर. ती डोळे मिटून पडली होती, पण तिचा श्वास मला ओळखता येत होता. ती ऐकत होती.

"वाढवायचा नाही," मी म्हटलं.

खाटेवर काही हललं नाही.

"मला विकत हवंय," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं.

नवं मशीन चार दिवसांत बसलं. जेटीवर होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. होडीला लावतात तसं आईने मशीनला हळदकुंकू लावायला लावलं आणि अंगणातलं एक जास्वंदीचं फूल वर ठेवायला लावलं. ह्या मशीनला आकडा नव्हता. नळीवरची पट्टी मी तिला पहिल्यांदा वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचायला लावली. मग मी पहिला पेला भरून तिला दिला.

ती हळूहळू प्यायली. निम्मा झाल्यावर थांबली आणि पेला माझ्यापुढे केला. "माझं झालं. उरलं ते तू पी."

मी ते प्यायले.

नवरात्र बसायच्या आधी ती गेली. सकाळची वेळ होती, मी तिची वेणी घालत होते. सहाच्या वर दीड महिना झाला होता.

बाराव्या दिवशी जेटीवरची खाला, आमची मानलेली मुसलमान मावशी, भेटायला आली. ती आणि आई वीस-बावीस वर्षं लिलावात शेजारी बसायच्या. खालाचे दोन्ही मुलगे आखातात. आता ती फक्त सुकी मासळी, सोडे आणि सुकट, विकते. ती दारातच खूप रडली. मग पदराने डोळे पुसून आत आली आणि म्हणाली, "सरबत नको हां मला. साखर झालीय. पाणी दे."

मी मशीनमधून पेला भरून आणला. तिने एका दमात संपवला आणि मशीनकडे वळून बघितलं.

"हेच ना ते? ह्याचंच सांगायची मेली. शिमग्याआधी रिक्षा करून आली होती जेटीवर, आठवतं ना तुला? धापा टाकतेय, बसवत नाय, पण एकेकीला गाठून सांगत सुटली. माझ्या लेकीनं मशीन इकत घेतलंन म्हणून. भाड्याचं नाय हां, इकत. आता मला म्हणे वीस वर्षं मरायची सवड नाय." खाला रडता रडता हसली. "आम्ही म्हटलं, भाग्याची गो बाई तू. आमचे पोरगे तिकडनं अत्तरं पाठवतात, पाणी कुणी पाठवलंन नाय."

माझ्या हातात रिकामा पेला होता. नळीतून बादलीत पाणी पडत होतं, एक एक थेंब.

"तेव्हाच घेतलंस ना गो?" खालाने विचारलं. "शिमग्याआधी?"

"हो," मी म्हटलं. "तेव्हाच."

"आणखी दे जरासं," खाला म्हणाली. "गोड हाय."

मी पेला भरायला उठले.